मैल्याचा राजवाडा

लंडनमध्ये वर्षभर राहून मी एकाच इमारतीचे फोटो काढले. राणीच्या वाड्याचे नाहीत, नदीवरच्या पुलाचेही नाहीत. आई फोनवर म्हणायची, "अगं, राणीच्या घराचा एक तरी काढ, शेजारणीला दाखवते." मी हो म्हणायचे आणि विसरायचे. मी फोटो काढले ते पूर्व लंडनमधल्या मैलापाण्याच्या एका जुन्या पंपिंग स्टेशनचे. अर्ध्या शहराच्या संडासांतलं पाणी भुयारी गटारांतून तिथे येतं, तिथे ते उपसून वर घेतात आणि पुढे ढकलतात. काम एवढंच. पण एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी त्या कामासाठी घुमट बांधला, कमानी बांधल्या, दारांवर पानाफुलांची नक्षी काढली. लांबून पाहिलं तर चर्च वाटतं, जवळ गेलं की मशीद, आणि आत शिरलं की कुणा संस्थानिकाचा दरबार.

माझे वडील आमच्या शहराच्या महापालिकेत ड्रेनेज खात्यात होते. खात्यात म्हणजे खुर्चीवर नाही. चेंबरमध्ये. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलून आत उतरणाऱ्या गँगमध्ये. मी कॉलेजात असल्यापासून कामगारांच्या युनियनसाठी पत्रकं लिहायचे. आमच्या युनियनचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणतात, ते म्हणायचे, पत्रकाचं पहिलं वाक्य वाचून साहेबाच्या हातातला चहा हिंदकळला पाहिजे. एवढंच माझं साहित्यशिक्षण. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि मी जानेवारीत एक वर्षाच्या कोर्साला इंग्लंडला गेले. मी जायच्या आदल्या उन्हाळ्यात वडलांच्या गँगमधला एकजण चेंबरमध्ये उतरला तो वर आला नाही. महापालिका म्हणाली, हृदयविकार. आम्ही म्हणालो, गॅस. युनियनने खात्याच्या मोठ्या साहेबांची भेट मागितली. वर्ष उलटलं तरी साहेबांना वेळ झाला नव्हता.

लंडनमध्ये मी स्टॅनमोरला एका मराठी दांपत्याच्या घरी राहत होते. वरच्या मजल्यावरची अगदी चिंचोळी खोली, खिडकीतून शेजाऱ्याचं कुंपण. काका हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर, निवृत्तीला टेकलेले. काकू इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादक. माणसं चांगली होती. पहिल्या दिवशी काकूंनी माझं आडनाव विचारलं, गाव विचारलं, वडील काय करतात विचारलं, आणि पुढचा प्रश्न मात्र विचारला नाही. तो न विचारलेला प्रश्न मला चांगला ओळखीचा आहे. मग त्यांनी मला आणखी एक पोळी वाढली.

त्या वर्षी मी दमले होते, हे आधीच सांगून टाकते. इंग्रज वर्गमित्रांना जात समजावून सांगायची. इथल्या मराठी लोकांना ती अजून आहे हे समजावून सांगायचं. दोन्हीकडे लोक मान तिरकी करून, "रिअली?" म्हणून ऐकायचे. रोज तेच. रात्री अंथरुणावर पडलं की जबडा दुखायचा.

सप्टेंबरच्या सुरुवातीला जेवताना काकू म्हणाल्या, "यंदा अंकाच्या प्रकाशनाला कोण येतंय माहितीये? आपल्या मंडळाच्या उपाध्यक्षांचे मावसभाऊ. तुझ्याच गावचे गं, महापालिकेत फार मोठे आहेत. स्टडी टूरवर येतायत."

मी त्यांचं पद विचारलं, ते ऐकलं आणि माझा घास हातातच राहिला. आम्हाला वर्षभर वेळ न देणारे साहेब ते हेच.

मी म्हणाले, "काकू, मला अंकात लेख द्यायचाय."

"दे की! पण पत्रक नको हं," काकू लगेच म्हणाल्या. माझी एक-दोन पत्रकं त्यांनी वाचली होती. "काहीतरी ललित दे. लंडनमधल्या एखाद्या वास्तूवर लिही, फोटोसकट. कव्हरलाही चालेल."

"वास्तू चालेल," मी म्हणाले.

मनात म्हणाले, वास्तू देते. मुखपृष्ठावर ती, आत वडलांची गँग, आणि दोन्ही साहेबांच्या हातात. स्टेजवर उभं राहून, कॅमेऱ्यासमोर अंक वर धरावाच लागतो. वर्षभर जी भेट मिळाली नाही ती अशी घेऊ.

ते पंपिंग स्टेशन एरवी बंद असतं, पण सप्टेंबरात एका वीकेंडला शहरातल्या बऱ्याच बंद इमारती लोकांना बघायला उघडतात. मी काकांचा डिजिटल कॅमेरा मागितला. काका म्हणाले, "कॅमेरा एकटा देत नाही, ड्रायव्हरसकट देतो." काकू म्हणाल्या, "मग मी घरी बसून काय करू?" आणि पुऱ्या तळायला घेतल्या. मी दोघांना आधीच सांगितलं होतं की ते काय आहे. काकू त्यावर एवढंच म्हणाल्या होत्या, "आता वापरात नसेल ना?" मी म्हटलं, पंप आता विजेवर चालतात, पण पाणी तेच आहे. त्या दिवशी गाडीत काकू नॉर्थ सर्क्युलर रोड संपेपर्यंत नाकाशी रुमाल धरून बसल्या. वास नव्हताच. गाडी थांबल्यावर थोडा आला, भरतीनंतरच्या चिखलासारखा.

इमारत समोर आली आणि काकूंचा रुमाल खाली आला.

"अगंबाई!" त्या म्हणाल्या. "हे?"

पिवळ्या विटा, मधेच लाल आणि काळ्या विटांचे पट्टे, मधोमध कंदिलाच्या आकाराचा घुमट. मी फोटो काढू लागले. काकू चौकटीत. मी डावीकडे सरकले, काकू डावीकडे. "काकू, जरा बाजूला." "का गं? नुसत्या भिंतीचा काय फोटो काढायचा? माणूस उभं राहिलं की उंची तरी कळते." काका लांबून म्हणाले, "हिची उंची कळेल, इमारतीची नाही." आमच्या आईनेही असंच केलं असतं. आपल्याकडे माणसाशिवाय फोटो म्हणजे फुकट घालवलेला फोटो. शेवटी मी काकूंना दारापाशी उभं करून एक काढला, तेव्हा कुठे त्यांनी मला मोकळं सोडलं.

आत बिडाचे खांब होते, हिरवे, लाल, वरच्या टोकाला सोनेरी पानं. वर चारी बाजूंनी गॅलरी, कठड्याला जाळी, मधल्या उंच घुमटातून पडणारा पांढरा उजेड. आणि खाली, पायांच्या खाली कुठेतरी, घरघर. कोट घातलेले एक म्हातारे गाइड सांगत होते, या इमारतीला लोक कॅथीड्रल म्हणतात. त्यांना अभिमान होता. असावा. मला राग आला. मी उगाच लपवत नाही, मला फार राग आला. ज्यांनी आमच्यावर राज्य केलं त्यांनी स्वतःच्या मैल्याला सोन्याची पानं लावली, आणि ते गेल्यावर आमच्याच लोकांनी आमच्याच माणसांना दोरी बांधून खाली सोडलं. कुणावर रागवायचं ते ठरेना, म्हणून फोटो काढत राहिले. खांब काढले, कठडे काढले, दाराच्या बिजागऱ्यासुद्धा काढल्या.

एका कोपऱ्यात टेबलावर आजच्या गटार कामगारांचं सामान मांडलं होतं. कंबरेपर्यंतचे बूट, अंगाला बांधायचा पट्टा, वर ओढायची दोरी आणि कप्पी, आणि मुठीएवढी पिवळी डबी. गाइड म्हणाले, इथेही माणूस खाली उतरतो, अजूनही. पण ही डबी गळ्यात असल्याशिवाय नाही. हवा बिघडली की ती किंचाळते.

काकांनी डबी उचलली. उलटीपालटी केली. घरात सतत विनोद करणारा हा माणूस, त्याचा चेहरा एकदम ऑपरेशन थिएटरमधला झाला.

"हायड्रोजन सल्फाइडसाठी," ते मला म्हणाले. "फार बदमाश गॅस. आधी घाण वास येतो. जास्त झाला की वास यायचा बंद होतो. माणसाला वाटतं, गेला. गेलेला नसतो. दोन-तीन श्वास आणि आडवा."

मग म्हणाले, "तुझ्या बाबांकडे काय असतं?"

"दोरी."

"नाही, हवा तपासायला."

"झाकणं आधी उघडून ठेवतात. मग वाकून बघतात. भिंतीवर झुरळं जिवंत दिसली की उतरतात."

"शी!" काकू म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं असावं. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला.

काका बराच वेळ डबी हातात धरून होते. "मी आयुष्यभर माणसांना झोपवलं," ते म्हणाले, "पण परत उठवायचं सगळं शेजारी ठेवून." एवढंच बोलले आणि डबी खाली ठेवली. मी त्या टेबलाचाही फोटो काढला. माझ्या दृष्टीने तो दिवसाचा खरा फोटो होता. त्यात उजेड चुकला आणि टेबलाचा एक पाय कापला गेला.

जेवायची वेळ झाली. काकू म्हणाल्या, "इथे नको गं डबा उघडायला. वाटेत एखाद्या पेट्रोल पंपापाशी थांबू." मी म्हणाले, मी इथेच खाते. हट्टच होता तो. पायरीवर बसून पुरी तोंडात घातली, तर काका येऊन शेजारी बसले आणि माझ्या डब्यातली पुरी उचलली. "अहो, तुम्हीसुद्धा?" काकू गाडीतून ओरडल्या. काका म्हणाले, "भाजी पण पाठव." भाजी आली. पाठवली नाही, काकूंनी स्वतः आणून दिली आणि उभ्यानेच एक घास खाल्ला, औषध घेतल्यासारखा.

घरी पोचल्यावर मात्र दारातच म्हणाल्या, "सगळ्यांनी आधी आंघोळी." माझा चेहरा बघून घाईघाईने म्हणाल्या, "अगं, मीही करतेय. तुला एकटीला नाही सांगत." मला माहीत होतं, एकटीला नाही सांगत. वडीलही रोज बाहेरच्या नळावर आंघोळ करूनच घरात यायचे, त्यांना कुणी सांगावं लागायचं नाही. मी आंघोळ केली. गरम पाणी होतं. भांडायला अंगात जोर नव्हता.

लेख मी आठवडाभरात लिहिला. पहिला अर्धा इमारतीचा, दुसरा अर्धा वडलांच्या गँगचा: कुठली आरोग्य कोठी, म्हणजे वॉर्डातलं हजेरीचं ऑफिस, किती वाजता हजेरी, उतरायच्या आधी घोटभर का मारावी लागते, तो एकजण वर आला नाही तेव्हा मुकादमाने कुणाला फोन केला. नाव कुणाचं घेतलं नाही. शेवटी मागण्या लिहिल्या, कारण मागण्यांशिवाय मला लेख संपवता येत नाही.

मंडळाच्या कमिटीची मीटिंग काकूंच्या दिवाणखान्यात झाली. बटाटेवडे होते. अध्यक्षांची मुलगी इथेच जन्मलेली, जाहिरात कंपनीत डिझायनर. मुखपृष्ठ तिने केलं होतं. तिने लॅपटॉप उघडला आणि सगळे पुढे झुकले.

माझाच फोटो होता, संध्याकाळचा रंग चढवलेला. पिवळ्या विटा सोन्याच्या झाल्या होत्या. खाली पणत्यांची रांग. आणि रस्त्यावरून थेट त्या नक्षीदार दारात शिरणारी लक्ष्मीची पावलं, एकामागून एक, कुंकवाच्या रंगाची.

"वा!" अध्यक्ष म्हणाले. "रॉयल आलंय. कुठला पॅलेस हा? थोडा राजस्थानी टच आहे."

"मी म्हटलं, दिवाळी आहे तर लक्ष्मी आली पाहिजे," मुलगी म्हणाली. "म्हणून मी त्याची पावलं टाकली."

"लक्ष्मीची म्हणजे तिची गं," काकू सवयीने म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत विनंती होती: आत्ता नको. अंक छापून येऊ दे, मग सांग. पण अध्यक्षांनी माझ्याकडेच वळून विचारलं होतं, आणि विचारल्यावर खोटं कसं सांगायचं?

"पॅलेस नाही," मी म्हणाले. "मैलापाण्याचं पंपिंग स्टेशन आहे."

"कसल्या पाण्याचं?"

"संडासच्या."

उपाध्यक्षांनी अर्धा खाल्लेला वडा बशीत ठेवला. अध्यक्षांची मुलगी हसायला लागली. "ओ माय गॉड, बाबा! लक्ष्मी टॉयलेटमध्ये चालत जातेय!" दोन-तीन जण हसले. काका तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

"यात हसण्यासारखं काय आहे?" ते म्हणाले. "लोक अंक देवघरात ठेवतात. अंकाची पूजा करतात काही जण."

"पावलं काढून टाकू," काकू म्हणाल्या. "फोटो तर सुंदरच आहे ना?"

"आणि पाहुणे महापालिकेचे येतायत. त्यांच्या हातात आपण गटार द्यायचं?" अध्यक्ष म्हणाले.

"त्यांचंच खातं आहे," मी म्हणाले. "त्यांना परकं वाटणार नाही."

"हे बघ," अध्यक्ष मला म्हणाले, आवाज चढवला नाही, ते आणखी वाईट. "तुझी तळमळ समजते. पण आम्ही इथे वर्षातून एकदा उत्सव करतो. मोर्चा काढत नाही."

मी पुष्कळ बोलू शकले असते. अशा वाक्याला द्यायची उत्तरं मला झोपेतही येतात. पण समोर बशा होत्या, चटणी होती, आणि माझ्याकडे न बघता चमचे ढवळणारी माणसं होती. मी थकले होते. ठरलं ते असं: मुखपृष्ठावर रोषणाई केलेला पूल. इमारतीचा फोटो आत, काळापांढरा. लेखाचं काय करायचं ते संपादक बघतील.

संपादकांनी दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तो बघितला. हातात लाल पेन, शेजारी भिजत घातलेले पोहे. दुसऱ्या अर्ध्यावर एक तिरपी रेघ मारली. 

"अर्धा तरी छापून जाऊ दे," त्या म्हणाल्या. "अगं, अर्ध्यानेसुद्धा सुरुवात होते."

"काकू, पहिला अर्धा विटांचा आहे. माणसं दुसऱ्यात आहेत."

"माणसांचं मी त्या पाहुण्यांना तोंडी सांगीन. छापलेलं अंगावर येतं. तोंडी सांगितलेलं ऐकतात लोक." मग चष्मा काढून म्हणाल्या, "मी वाचलाय हं पूर्ण. दोनदा वाचला. रात्री यांनाही वाचून दाखवला."

मी पूर्ण लेखाच्या छापील प्रती काढल्या आणि पर्समध्ये ठेवल्या. पत्रकवाल्याच्या पिशवीत जादा प्रती असतातच.

प्रकाशन हॅरोच्या एका शाळेच्या हॉलमध्ये झालं. चिवडा, चकल्या, सनई सीडीवर. साहेब जोधपुरी कोटात आले. पाहिल्यावर मला जरा चमत्कारिक वाटलं, कारण ज्याला मी वर्षभर पत्रकांतून झोडपत होते तो माणूस बुटका, हसरा आणि सर्दी झालेला होता. त्यांनी अंक वर धरला, पुलाचा. कॅमेरे लखलखले. भाषणाआधी त्यांनी पानं चाळलेली दिसत होती, कारण ते म्हणाले, "यात एका सुंदर वास्तूचा फोटो आहे. पाणी उपसायचं केंद्र, पण काय देखणं! आपल्याकडेही असं व्हायला हवं. सौंदर्यदृष्टी हवी. मी परत गेल्यावर आपल्या एका पंपिंग स्टेशनला कमानी आणि कारंजं करता येईल का, ते जरूर बघीन."

टाळ्या. मीही वाजवल्या असतील. हात आपोआप वाजतात.

चहाच्या वेळी मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. तो फोटो माझाच, असं सांगितलं. ते फार खूष झाले. मी म्हणाले, "साहेब, लेखाचा अर्धा भाग छापलेला नाही. तो हा." त्यांनी कागद घेतले. पहिल्या ओळीवरून नजर फिरली, मग दुसऱ्या. हसू कमी झालं नाही पण जागच्या जागी थांबलं.

"तू युनियनची का?"

"हो. वर्षभर तुमची वेळ मागतोय. माणसं आजही तशीच उतरतात. तुमच्याकडे यंत्रं आहेत, ती गंजतायत. गॅस तपासायची डबी एवढीशी असते—"

"बोलायला पक्की आहेस," ते म्हणाले. रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात काकू आल्या. अंगावर पैठणी, हातात चिवड्याची कागदी बशी साहेबांसाठी. आणि त्यांनी जे केलं ते अगदी मनापासून केलं. त्यांना तेच येत होतं, त्यांच्या आईला तेच येत होतं, आपल्या सगळ्यांना तेच येतं: ओळख निघाली की शब्द टाकायचा.

"अहो साहेब," काकू म्हणाल्या, "ही आमच्या मुलीसारखी. फार हुशार पोर. हिचे वडील तुमच्याकडेच आहेत हो, ड्रेनेजला. या वयात खाली उतरतात. त्यांचं जरा बघा ना."

"काकू—" मी म्हणाले.

"तू गप गं."

साहेबांचा चेहरा सैल पडला. ही भाषा त्यांची होती. मागणीला उत्तर द्यावं लागतं. विनंतीवर नुसता हात ठेवला की झालं. "अच्छा? असं आधी सांगायचं की! कुठल्या कोठीला?"

मी म्हणाले, "सगळ्याच कोठ्यांची माणसं उतरतात, साहेब."

काकूंनी कोठी सांगितली. बरोब्बर सांगितली, हजेरीच्या वेळेसकट. दोनदा वाचलेल्या लेखातून त्यांनी नेमकं तेवढं लक्षात ठेवलं होतं. साहेबांनी मोबाइल काढून टिपून घेतलं. "झालं समजा," ते म्हणाले. उपाध्यक्ष फोटोसाठी बोलवायला आले तेव्हा माझे कागद त्यांनी उपाध्यक्षांकडे दिले, "जरा ठेवा हे." उपाध्यक्षांनी ते कुठे ठेवले ते मला कळलं नाही.

परतताना गाडीत काकू मागे वळून म्हणाल्या, "बघितलंस? तोंडी सांगावं लागतं."  काकांनी एकदा आरशातून माझ्याकडे बघितलं, बस.

नोव्हेंबर संपता संपता एका रविवारी मी जिन्याखालच्या फोनवरून घरी फोन लावला. आई आधी रडली, मग हसली. "सायबांनी सोता बोलावलं गं ह्यांना! बागेच्या पंपावर टाकलं. बसून काम. कोरडं. दुपारी घरी जेवायला येतात." मग वडलांनी फोन घेतला. ते फोनवर नेहमी ओरडून बोलतात, त्या दिवशी हळू बोलत होते.

"तू सांगितलंस का?"

"नाही. इथल्या काकूंनी."

"कोण लागतात त्या आपल्या?"

"कोणी नाही."

"मग?"

"ओळख निघाली," मी म्हणाले. 

"गँगवाले चिडवत्यात," ते म्हणाले. "पोरगी लंडनला गेली आन् बाप कोरडा झाला म्हंत्यात. तसं हसून म्हंत्यात. युनियनचे भाऊ काय बोलले न्हाईत. भेटले, च्या पाजला, गेले."

"हं."

"माझ्या जागी नवीन पोरगं घेतलंय. लगीन झालंय त्याचं अवंदा. त्याला अजून वर वढा म्हनून दोरीला हिसडा कधी द्यायचा ते कळत न्हाई. घाबरला की देतो, न्हाय तर देतच न्हाई." मग विचारलं, "मी अर्ज देऊ का, परत गँगमधी पाठवा म्हनून? तू सांग. तू लिहितीस ना समदं."

मी लिहिते. सगळ्यांसाठी यंत्रं, सगळ्यांसाठी डबी, एकालाही खाली उतरवणार नाही. किती वेळा लिहिलंय. सगळे म्हणजे कोण ते लिहिताना मला स्पष्ट दिसायचं, आणि त्यात पहिले वडील दिसायचे. आता ते त्यातून निघाले होते आणि मला विचारत होते की परत जाऊ का. एका बाजूला ते नवीन लग्न झालेलं पोरगं, ज्याचं तोंड मी पाहिलेलं नाही. दुसऱ्या बाजूला वडलांचे गुडघे, वडलांचा खोकला, आणि दुपारी घरी जेवायला येणं.

"पोरी, हाय का?"

"आहे," मी म्हणाले. "नको देऊ अर्ज."

"नको?"

"नको."

"बरं," ते म्हणाले. त्यांना हायसं वाटलं की वाईट, ते मला आवाजावरून ओळखता आलं नाही. मी ओळखायचा फार प्रयत्नही केला नाही. "सकाळी पंपावर जायच्या आधी जाऊन येतो त्याच्याकडं. वर हुभं राहून दोरी धरतो. तेवढं चालंल न्हवं?"

"चालेल."

"मग ठिवतो."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या, हात पिठाचे. "काय म्हणाले गं बाबा? झालं ना काम?"

"झालं," मी म्हणाले. "आई फार खूष आहे."

"मग!" काकू म्हणाल्या. "आणि तू तोंड पाडून काय उभी? चल, तुझ्या आवडीची वांगी केलीत." त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी आलं होतं. मी आत गेले, पानं घेतली, पाणी घेतलं, आणि काकांना जेवायला हाक मारली.